सर्व्हरवरील मराठी : कमांड लाइनवरच्या चार तपासण्या

मराठी मजकूर पडद्यावर नीट दिसला, की तो संगणकात नीट साठवला गेला असे आपण धरून चालतो. हा समज अपुरा आहे. ग्रंथालयाची सूची किंवा बोलीचा शब्दसंग्रह सर्व्हरवर ठेवल्यानंतर त्यातील शब्द शोधता येईल की नाही, हे सर्व्हरच्या मांडणीवरही अवलंबून असते. सीमाभागातील एखाद्या ओवीसंग्रहाच्या प्रती मुळातच मोजक्या असतात. शोधात न सापडलेला संग्रह अभ्यासकाच्या दृष्टीने नसल्यासारखाच.

पुढील आज्ञा लिनक्स प्रणालीच्या आहेत. त्या येथे उच्चारानुसार दिल्या आहेत. टंकताना रोमन लिपी वापरावी.

१. भाषेची मांडणी. प्रथम ‘लोकेल’ ही आज्ञा द्यावी. उत्तरात ‘सी’ किंवा ‘पॉझिक्स’ आले, तर सर्व्हरवर मराठीची मांडणी लागू नाही. ‘लोकेल -ए’ने उपलब्ध मांडण्यांची यादी मिळते. तीत ‘एमआर_आयएन’ नसेल, तर उबुंटूवर ‘सुडो लोकेल-जेन एमआर_आयएन’ ही आज्ञा द्यावी. मात्र सगळा सर्व्हर मराठीत करू नये. अक्षरओळखीचे ‘एलसी_सीटाइप’ आणि वर्णक्रमाचे ‘एलसी_कोलेट’ एवढेच मराठीत ठेवावे. त्रुटिसंदेश इंग्रजीत राहिले, तर त्यांवरील उपाय शोधणे सोपे जाते. ‘एलसी_ऑल’ रिकामे ठेवावे. ते भरलेले असल्यास बाकीच्या नोंदी निष्प्रभ ठरतात.

२. मोजणी. बीदर जिल्ह्यातील ‘हळ्ळीखेड’ हे गावाचे नाव घेऊ. कन्नडमध्ये ‘हळ्ळी’ म्हणजे खेडेच. वाचकाला या नावात ४ अक्षरे दिसतात. ‘प्रिंटएफ’ने हा शब्द ‘डब्ल्यूसी -एम’कडे पाठवला, तर उत्तर ८ यायला हवे, कारण काना-मात्रा आणि हलन्त ही स्वतंत्र चिन्हे आहेत. ‘डब्ल्यूसी -सी’ २४ बाइट सांगते, कारण यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘-एम’नेही २४ आले, तर पहिल्या तपासणीकडे परतावे. नोंदीचा रकाना २० बाइटांचा असेल, तर हे नाव त्यात मावणार नाही, हेही यावरून कळते.

३. एकच शब्द, दोन रूपे. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्‍यांना’ डोळ्यांना सारखेच दिसतात. पहिल्यात ‘ऱ’ हे चिन्ह आहे; दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. ‘ग्रेप’ने एक रूप शोधले, तर दुसरे सापडत नाही. म्हणून दोन्ही रूपे ‘ग्रेप -सी’ने शोधावीत, ही आज्ञा शब्द नव्हे, ओळी मोजते, हे ध्यानात ठेवावे. नंतर ‘सेड -आय.बॅक’ने ‘ऱ’चे रूप सर्वत्र करावे; त्यामुळे मूळ फाइलची प्रतही राहते. बदलायचे रूप टंकू नये, फायलीतूनच उचलून चिकटवावे. अदृश्य चिन्हे सरसकट पुसून टाकणे मात्र घातक आहे. तसे केल्यास ‘आचार्‍यांना’चे ‘आचार्यांना’ होते आणि स्वयंपाकघरातला आचारी थेट गुरुपीठावर जाऊन बसतो!

४. वर्णक्रम. हळद, हवा, हसू हे शब्द तीन ओळींत लिहून ‘एलसी_ऑल=सी सॉर्ट’ चालवावे. क्रम तसाच राहतो, कारण युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’नंतर लगेच येतो. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर आहे, म्हणून अपेक्षित क्रम हवा, हसू, हळद असा. मराठी मांडणी लावल्यावर हा क्रम येतो का, हे पाहूनच सूची छापावी.

विद्यार्थ्यांनी आपल्या गावांच्या नावांची शंभर ओळींची फाइल करून या चारही तपासण्या कराव्यात. वापरलेली मांडणी आणि स्वीकारलेले ‘ऱ्य’चे रूप संग्रहाच्या प्रारंभीच नोंदवावे. पुढच्या संपादकाला ती नोंद प्रस्तावनेइतकीच उपयोगी पडेल.