‘आज दिसले नाहीत’ : परतीच्या पक्ष्यांची नोंद आणि आपण

फाल्गुन लागला की आपल्या वसतिगृहामागील काटेसावर एकही पान नसताना लाल फुलांनी भरून जाते आणि तिच्यावर भोरड्यांचे थवे उतरतात. गुलाबी अंगाचे, काळ्या डोक्याचे हे पक्षी सकाळच्या वंदनेच्या वेळी असा कलकलाट करतात की मुलांचे स्वर त्यात बुडून जातात. काही आठवडे हा सोहळा चालतो. मग एका सकाळी झाड मुके असते. भोरड्या गेलेल्या असतात. त्या नेमक्या कोणत्या दिवशी गेल्या, असे विचारले तर मुले एकमेकांकडे पाहू लागतात. आणि खरे सांगायचे तर आम्हालाही ते सांगता येत नसे. या साध्या प्रश्नातून काही वर्षांपूर्वी शाळेच्या पक्षी-नोंदवहीचा आरंभ झाला. इतिहास शिकविण्यात उभे आयुष्य घालविलेल्या आम्हाला या वहीने पुराव्याविषयीचा एक धडा शिकविला. तो धडा स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे मांडीत आहोत.

जाणारे आणि येणारे

पनवेलचे स्थान पक्ष्यांच्या दृष्टीने भाग्याचे आहे. एका अंगाला खाडी, तिची चिखलमैदाने, तिवरांची राने आणि उरणकडील मिठागरे. दुसऱ्या अंगाला प्रबळगड व माथेरानचे डोंगर. आणि मुंबई-गोवा महामार्गावर, गावापासून सुमारे बारा किलोमीटरवर, कर्नाळ्याचे जंगल. १९६८ साली ते पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. सायबेरियाच्या उत्तर टोकापासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेल्या ‘मध्य आशियाई उड्डाणमार्गा’वर आपला हा किनारा येतो. म्हणून आश्विनाच्या सुमारास उत्तरेकडचे पाहुणे येथे उतरतात आणि फाल्गुन ते वैशाख या काळात परततात.

ते परत का जातात? उत्तरेकडील उन्हाळ्यात दिवस फार मोठे असतात, किडे विपुल असतात आणि पिलांना भरविण्यासाठी अधिक वेळ मिळतो. येथील दिवस वाढू लागताच त्यांच्या शरीरात बदल सुरू होतात. भूक वाढते, कातडीखाली चरबी साठते, आणि ही चरबीच पुढील हजारो किलोमीटरांची शिदोरी ठरते. दिशा ठेवण्यासाठी सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांचा त्यांना आधार होतो. खाडीवरील चिखल्या आणि तुतारी हे पक्षी हिवाळाभर मातकट, करडे दिसतात. चैत्रात मात्र त्यांपैकी कित्येकांची छाती तांबूस होऊ लागते. तो रंग म्हणजे प्रस्थानाची तयारी समजावी. धोबी पक्षीही याच सुमारास हिमालयाकडे व त्यापलीकडे निघतात. रोहित पक्ष्यांचे थवे मात्र पुष्कळदा मे महिन्यापर्यंत खाडीवर रेंगाळतात आणि पावसाच्या तोंडावर दिसेनासे होतात. त्यांची मोठी वीण कच्छच्या रणात होते.

या जाणाऱ्यांच्या पाठोपाठ दुसरे पाहुणे येतात, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. मे महिन्यात दक्षिणेकडून नवरंग येतो आणि पहाटे-संध्याकाळी त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. त्याच्या मागोमाग कर्नाळ्याच्या ओढ्यांकाठी तिबोटी खंड्या येतो आणि ओढ्याच्या दरडीत बीळ करून घरटे घालतो. आफ्रिकेकडून चातक येतो. चातक केवळ पावसाचे थेंब पितो ही कविकल्पना होय. परंतु तो पावसाच्या तोंडावर येतो, हे निरीक्षण खरे आहे. कल्पना आणि निरीक्षण यांतील हा भेद मुलांना समजला, तर अर्धा अभ्यास झाला असे आम्ही मानतो.

पावसात एका जागी राहणाऱ्या या पक्ष्यांची आठवण विनयपिटकाच्या महावग्गातही आहे. भर पावसात हिरवे गवत व लहान जीव तुडवीत फिरणाऱ्या भिक्खूंविषयी लोकांनी तक्रार केली, तेव्हा झाडांच्या शेंड्यांवर घरटी करून पावसाळाभर एका जागी राहणाऱ्या पाखरांचा दाखला त्यांनी दिला होता. भगवंतांनी ती तक्रार ऐकली आणि वर्षावासाचा नियम घालून दिला. सामान्य माणसांचे निरीक्षण तेथे एका नियमाच्या मुळाशी आहे.

एक खोडलेली ओळ

आता आमच्याच एका चुकीविषयी लिहितो. आठवीतील काही मुलांना आम्ही दर रविवारी खाडीच्या बांधावर नेत असू. त्यांत उरण तालुक्यातून आलेला एक मुलगा होता. त्याचे वडील खाडीत मासेमारी करीत. वैशाख लागला, चिखल्यांचे थवे विरळ झाले, आणि या मुलाने वहीत लिहावयास सुरुवात केली : ‘आज दिसले नाहीत.’ पुढच्या रविवारी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तेच. आम्ही लाल शाईने त्या ओळी खोडल्या आणि म्हणालो, “जे दिसले नाही त्याची नोंद कशाला? वही भरायची म्हणून लिहू नये.” मुलगा काही बोलला नाही.

पुढील वर्षी भोरड्या, धोबी, चिखल्या यांच्या प्रस्थानाचा तक्ता करावयास बसलो, तेव्हा अडचण लक्षात आली. आगमनाची तारीख सोपी असते. पक्षी प्रथम दिसला तो दिवस आपण लिहितो. प्रस्थानाचे तसे नाही. शेवटचा पक्षी आपल्याला कधीही ‘मी शेवटचा’ असे सांगून जात नाही. तो शेवटचा होता हे त्यानंतरच्या रिकाम्या दिवसांवरूनच समजते. भोरड्यांची शेवटची नोंद मार्च महिन्यातील होती. पुढे पक्षी गेले होते, की मुले परीक्षेमुळे बाहेर पडलीच नव्हती? वही गप्प होती. केवळ चिखल्यांच्या बाबतीत उत्तर मिळाले, आणि तेही आमच्या लाल रेघेखालून वाचता येणाऱ्या त्या ओळींनी दिले.

आम्ही त्या मुलाची वर्गासमोर क्षमा मागितली. तो संकोचला, आणि मग त्याने आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली. “सर, त्यातले दोन रविवार धरू नका. तेव्हा भरती होती. भरतीला पक्षी चिखलावर नसतातच, मिठागराच्या बांधावर जाऊन बसतात. बाबांनी सांगितलं होतं, पण मी तसंच लिहिलं.” स्वतःच्या बाजूने जाणारा पुरावा स्वतःच बाद करणारा विद्यार्थी आम्ही त्या दिवशी पाहिला. त्या दिवसापासून आमच्या वहीत दोन नवे रकाने आले : भरती-ओहोटीची वेळ आणि सांगणाऱ्याचे नाव.

इतिहासाच्या अभ्यासकाला या दुसऱ्या रकान्याचे मोल सांगावयास नको. दरबाराच्या बखरी उरतात, चिखलात उभे राहून काम करणाऱ्याचे ज्ञान उरत नाही, कारण ते कोणी लिहून घेतलेले नसते. खाडीवरील कोळी, मिठागरावरील आगरी आणि डोंगरावरील कातकरी व ठाकूर यांना पाखरांच्या येण्याजाण्याची जी माहिती आहे ती पिढ्यांची आहे. ती त्यांच्या नावानिशी नोंदविणे हा न्यायाचा भाग आहे.

नोंदींचा वारसा

प्राचीन ग्रीसमधील ॲरिस्टॉटलसारख्या विचारवंतानेही, काही पक्षी ऋतू पालटला की दुसऱ्याच पक्ष्यात रूपांतरित होतात, असे लिहून ठेवले होते. हा समज मोडला तो चिकाटीने केलेल्या नोंदींनी, आणि त्या कामात शिक्षकांचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत शिक्षकी करणाऱ्या वेल्स कुक यांनी १८८१ साली मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील पक्षीप्रेमींना आगमन-प्रस्थानाच्या तारखा कळविण्याची विनंती केली. त्यातून पुढे सुमारे साठ लाख हस्तलिखित कार्डे जमली. डेन्मार्कमधील व्हिबोर्ग गावचे शाळामास्तर मॉर्टेन्सन यांनी १८९९ साली भोरडीच्याच कुळातील मैनांच्या पायांत ॲल्युमिनियमची कडी घालून पक्ष्यांना कडी घालण्याच्या शास्त्राचा पाया घातला.

आपल्याकडे १८८३ साली मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत दोन भारतीय होते : प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. बालविवाहाविरुद्ध न्यायालयात उभ्या राहिलेल्या व पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे हे सखाराम अर्जुन सावत्र वडील होत. याच संस्थेशी आयुष्यभर जोडलेले डॉ. सालिम अली यांच्याजवळ विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती. नोकरी गेलेली असताना १९३० च्या पावसाळ्यात आपल्याच जिल्ह्यातील, तेव्हाच्या कुलाब्यातील, किहीम येथे राहून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचे रोज निरीक्षण केले, आणि त्या नोंदींनी त्यांचे नाव झाले. १९५९ पासून सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने स्थलांतरित पक्ष्यांना मोठ्या प्रमाणावर कडी घातली. २००७ साली बंगळूरुच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातून ‘मायग्रंटवॉच’ उपक्रम सुरू झाला, आणि पाहुणे पक्षी प्रथम कधी दिसले, शेवटी कधी दिसले, हे देशभरातील सामान्य लोक कळवू लागले.

अशा सामायिक नोंदींचे फळ २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ अहवालात दिसते. तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवरून ९४२ जातींचा आढावा घेतला गेला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल ठरविता आला, त्यांपैकी २०४ जातींची संख्या घटल्याचे आढळले. परंतु आम्हाला या आकड्यांतील दुसरी बाजू अधिक अस्वस्थ करते. उरलेल्या सहाशेहून अधिक जातींबाबत खात्रीने काही म्हणता येईल, इतक्या जुन्या व पुरेशा नोंदीच आपल्या देशाजवळ नव्हत्या.

एक पक्षी, तीन साक्षी

आपली शाळा निवासी आहे, हे या कामात आपले मोठे बळ आहे. भोरडीविषयी वर्गात बोलणे निघाले तेव्हा मराठवाड्यातील एका मुलीने तिला ‘चोर’ म्हटले. तिच्या गावी ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभे राहून गोफणीने भोरड्या हाकाव्या लागतात. पनवेलच्या मुलांसाठी तीच भोरडी काटेसावरीवरील पाहुणी आहे. आणि वीण घालावयास ती मध्य आशियात जाते तेव्हा टोळ फस्त करते, म्हणून तेथील शेतकऱ्याला ती उपकारकर्ती वाटते. तिन्ही साक्षी खऱ्या आहेत. ज्याने जेथून पाहिले तेथून त्याने सांगितले. एकाच साक्षीवर निकाल देऊ नये, हे इतिहासाचे सूत्र मुलांना त्या दिवशी एका पाखराने पटवून दिले.

नोंद कशी करावी

ज्यांना आपल्या गावी, कामावर किंवा शहरातील गच्चीवरून हे करावयाचे असेल, त्यांच्यासाठी वहीतील नियम येथे देतो.

१. दिनांक, वेळ व ठिकाण आधी लिहावे. किती वेळ पाहिले तेही लिहावे. खाडीवर असल्यास भरती की ओहोटी, हे अवश्य लिहावे.

२. त्या फेरीत दिसलेले सर्व पक्षी लिहावेत, केवळ दुर्मीळ नव्हेत. यादी पूर्ण असली तरच तीत नसलेल्या पक्ष्यालाही अर्थ येतो.

३. गेलो आणि दिसले नाहीत, हेही लिहावे. गेलोच नाही, हेही प्रामाणिकपणे लिहावे. या दोन गोष्टी एक नव्हेत.

४. पक्ष्याचे गावातील नाव जसेच्या तसे लिहावे. पुस्तकातील नाव नंतर शोधता येते. ओळख पक्की नसेल तर ‘खात्री नाही’ असे लिहिण्यात कमीपणा मानू नये.

५. पहिली हाक आणि पहिले आगमन यांत घोटाळा करू नये. कोकीळ व पावशा वसंतात ओरडू लागतात, म्हणून ते तेव्हा आले असे नव्हे. ते हिवाळ्यातही येथेच असतात, केवळ मौन असतात.

६. घरट्याजवळ जाऊ नये, त्याची जागा चारचौघांत सांगू नये.

वही कोणासाठी?

पनवेल आपल्या डोळ्यांदेखत पालटले. २०१६ साली येथे महानगरपालिका झाली. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळविला गेला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात विमानतळाचे उद्घाटन झाले. आपले कित्येक माजी विद्यार्थी या नव्या शहरात कष्ट करून घर चालवितात. त्यांच्या भाकरीविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु उद्या एखाद्या पाणथळ जागेविषयी ‘येथे काय होते?’ असा प्रश्न उभा राहील, तेव्हा आठवणीतील हळहळ कामास येणार नाही. ‘येथे अमुक दिवशी, अमुक वेळी, इतके चिखल्या होते, आणि अमुक दिवसानंतर दिसले नाहीत,’ असे सांगणारी वही कामास येईल. ज्याच्याजवळ लेखी पुरावा नसतो त्याचे म्हणणे ऐकले जात नाही, हे आपल्या समाजाला कोणी वेगळे शिकवावयास नको.

मे महिन्यात वसतिगृह रिकामे होते. मुले आपापल्या जिल्ह्यांत परततात, त्याच सुमारास खाडीवरील शेवटचे पाहुणेही उत्तरेला गेलेले असतात. जाताना प्रत्येक मुलाला आम्ही वहीची चार कोरी पाने देतो. माजी विद्यार्थ्यांनीही आपल्या गावची अशी चार पाने शाळेकडे पाठवावीत, ही विनंती. पक्षी दिसला तर तसे लिहा. दिसला नाही तर तसेही लिहा. ती ओळ आता येथे कोणी खोडणार नाही.