पुस्तकात असं नव्हतं!

हॅरी पॉटरचे आठही सिनेमे मी थिएटरात पाहिले. पहिला सांगलीत, चौदाव्या वर्षी, हिंदीतून. शेवटचा पुण्यात, २०११ च्या जुलैत, ऑफिसात पोटदुखीचं कारण सांगून. मधल्या नऊ वर्षांत मी शेजारच्या खुर्चीवरच्या प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवलं. ते वाक्य वर मथळ्यात दिलं आहे. त्या वाक्यापायी जे काही पदरात पडलं, ते हे असं.

१. ज्या पुस्तकाचे आपण स्वतःहून राखणदार होतो, त्यातल्या नायिकेचं नावसुद्धा आपल्याला धड येत नसतं. मुंबईच्या मावसबहिणीकडून आणलेली पहिली तीन पुस्तकं मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली होती आणि तिन्हीभर त्या मुलीला ‘हर्मिओन’ म्हणत होते. वर्गातल्या दोघींना तीच दीक्षा दिली होती. एप्रिल २००२ मध्ये ‘हॅरी पॉटर और पारस पत्थर’ लागला आणि पडद्यावरच्या पोरांनी तिला भलत्याच नावाने हाक मारली. हिंदीवाल्यांनी नाव बिघडवलं, असं मी मध्यंतरात समोसा खाताना ठामपणे जाहीर केलं. पुढे चौथं पुस्तक हाती आलं. त्यात हर्मायनी परदेशी क्रमला आपलं नाव फोड करून शिकवते. रोलिंगबाईंनी ते पान सांगलीसाठीच लिहिलं असावं असं मला वाटलं. मराठीत पहिलं पुस्तक ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने आलं. ते आधी मिळालं असतं तर अब्रू वाचली असती, पण तोवर इंग्रजीतून वाचल्याची ऐट करून झाली होती.

२. ज्यानं पुस्तक वाचलेलं नाही, त्याला कधी कधी पुस्तक जास्त कळतं. त्या पहिल्या सिनेमाला बाबा मला घेऊन गेले होते. त्यांना जादू, घुबडं, झाडूवरचा खेळ यातल्या कशाशीच देणंघेणं नव्हतं. बाहेर पडून स्कूटरला किक मारता मारता त्यांनी विचारलं, “त्या पोराला दहा वर्षं जिन्याखालच्या कपाटात झोपवतात, आणि आळीत कुणी काही विचारत नाही?” मी म्हटलं, बाबा, ती गोष्ट आहे. ते म्हणाले, “हो, पण शेजारी?” मी ते प्रकरण कितीदा तरी वाचलं होतं. मला ते कपाट चक्क हवंहवंसं वाटायचं, कारण आमच्या दोन खोल्यांत मला स्वतःचं कपाटही नव्हतं. त्यात मूल कोंडलेलं आहे, हे बाबांना पहिल्या दहा मिनिटांत दिसलं होतं.

३. जो सिनेमा बघून सगळ्यात जास्त संताप आला, तोच आज सगळ्यात जास्त आवडतो. याला मी परिपक्वता म्हणत नाही, कारण तसं म्हटलं तर आधीच्या संतापाला बालिश म्हणावं लागेल. २००४ च्या तिसऱ्या भागात दिग्दर्शक बदलला. अल्फोन्सो क्वारोन आला आणि त्याने पोरांना झगे काढून जीन्स घालायला लावल्या, हॅग्रिडचं खोपटं उचलून पार उताराखाली नेऊन ठेवलं. घर बदलताना सामान हरवल्यासारखी मी चिडचिडले. दादा मात्र वेगळंच विचारत होता: तो जादूचा नकाशा केला कुणी? आणि त्या लुपिन सरांना तो कसा काय माहीत? मी म्हटलं, “सांगितलं की सिनेमात. हॅरीचे वडील आणि त्यांचे तीन मित्र, त्यातलाच एक लुपिन.” दादा म्हणाला, नाही सांगितलं. पैज लागली. सीडी आणून पुन्हा पाहिला. खरंच सांगितलेलं नाही. तो सगळा खुलासा मी थिएटरात बसून, माझा मीच, डोक्यातल्या डोक्यात ऐकला होता. तेव्हापासून मला अशी शंका आहे की आम्ही वाचक सिनेमा बघतच नव्हतो. आम्ही गाळलेल्या जागा भरत होतो, आणि वर सिनेमालाच मार्क देत होतो.

४. आपल्या माणसाचा अपमान झाला की आपण नेमका चुकीच्या गोष्टीवरून भांडतो. चौथा भाग, नोव्हेंबर २००५, पुणे. हॉस्टेलवरच्या आम्ही सहाजणी, त्यात माझी रूममेट कराडची पाटील. हॅरीच्या शाळेत, हॉगवर्ट्समध्ये, पार्वती आणि पद्मा या जुळ्या बहिणी पाटील आहेत, हे काही कोणाला सांगायला नको. साता समुद्रापलीकडच्या त्या किल्ल्यात आमचं म्हणून काही असेल तर ते एवढंच. पुस्तकात त्यांच्या वाट्याला मोजक्या ओळी आहेत, पण आम्ही त्यांचं अख्खं खानदान उभं केलं होतं. कृष्णाकाठी ऊस, आजोबा साखर कारखान्याचे संचालक, आणि नातींच्या शाळेत घुबडानं पत्र येतं म्हणून दर अमावस्येला लिंबू उतरवणारी आजी.

नाताळच्या नाचाचा प्रसंग आला आणि दोघी जिन्यावर दिसल्या. मागून शिट्टी आली, कोणीतरी “ए पाटील!” असं ओरडलं, आणि क्षणभर थिएटर आमचं झालं. मग आम्ही कपडे पाहिले. गुलाबी आणि नारिंगी घागरे, शाळेच्या गॅदरिंगला भाड्याने आणावेत तसे. कराडची पाटील म्हणाली, “आमच्याकडे वरातीत घोड्याला याहून बरी झूल असते.” पुस्तकात दोघींनी झगेच घातले होते, बाकीच्या मुलींसारखे. शिवाय पुस्तकात त्या दोन वेगळ्या हाउसमध्ये आहेत, सिनेमावाल्यांनी दोघींना एकाच ग्रिफिंडॉरमध्ये कोंबलं. रात्री दोनपर्यंत हॉस्टेलच्या गॅलरीत आमची निषेध सभा चालली.

खूप वर्षांनी तो प्रसंग पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आलं की खरा अपमान वेगळाच होता. हॅरी आणि त्याचा मित्र रॉन या मुलींना नाचाला नेतात आणि कोपऱ्यात बसवून ठेवतात. स्वतः तोंड पाडून दुसऱ्याच मुलींकडे बघत राहतात. हे सिनेमात आहे आणि पुस्तकातही आहे. त्याबद्दल आमच्यापैकी एकीनेही चकार शब्द काढला नव्हता. घागऱ्याला शिव्या घातल्या आणि हॅरीला माफ केलं, कारण तो पुस्तकाप्रमाणे वागला होता. (त्या दोघी अभिनेत्रींची घराणी मूळची बांगलादेशी, हे कळल्यावर माझ्या रूममेटने एवढंच म्हटलं की आडनाव तरी नीट सांभाळलं पोरींनी.)

५. त्याच खेळात मी आयुष्यातलं सर्वांत लाजिरवाणं विधान केलं, उभं राहून. अग्निचषकातून हॅरीचं नाव निघतं. मुख्याध्यापक डम्बलडोर त्याला विचारतात, तू चिठ्ठी टाकलीस का? पुस्तकात ते शांतपणे विचारतात. हा ‘शांतपणे’ जगभरच्या वाचकांनी जपून ठेवलेला शब्द आहे, अजूनही त्यावर विनोद होतात. कारण सिनेमात मायकल गॅम्बन तीरासारखे धावत येतात, हॅरीला दोन्ही खांद्यांना धरून मागे रेटतात आणि गदागदा हलवतात. पहिल्या दोन भागांतले रिचर्ड हॅरिस २००२ मध्ये वारले, नाहीतर असं झालंच नसतं, अशी माझी खात्री. मी ताडकन उठले आणि म्हणाले, “शांतपणे! शांतपणे विचारतो तो!”

मागच्या रांगेतून एका काकांचा अगदी शांत आवाज आला. “ताई, बसा. पोराला दिसत नाहीये.”

बसले. एवढ्यावर संपायला हवं होतं. पण माझी लेक सात वर्षांची असताना गणपतीच्या गर्दीत, कुमठेकर रस्त्यावर, माझ्या हातातून सुटली. पंधरा मिनिटं. एका मंडळाच्या मांडवामागे ढोल बघत उभी होती. सापडल्यावर मी तिला जवळ घ्यायला हवं होतं, निदान शांतपणे विचारायला हवं होतं. मी तिचे दोन्ही खांदे धरून तिला गदागदा हलवलं आणि किंचाळले, “कुठे होतीस? सांग, कुठे होतीस?” त्या क्षणी मला काहीच आठवलं नाही. रात्री ती झोपल्यावर आठवलं. तो म्हातारा रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. दिग्दर्शकानं चूकच केली असं मी अजूनही म्हणते, पण आता जरा आवाज खाली घेऊन.

६. वगळलं म्हणजे विसरले असं नव्हे. पीव्हज हा खोडकर भुताटा आठांपैकी एकाही भागात नाही. ‘यांनी पुस्तक वाचलं तरी होतं का?’ या माझ्या आवडत्या आरोपाचा तो पहिला पुरावा. पुढे कळलं की पहिल्या भागासाठी रिक मेयॉल या इंग्लंडच्या नावाजलेल्या विनोदी नटाने पीव्हज रंगवला होता, चित्रीकरणही झालं होतं, आणि मग सगळं कापलं. मेयॉल २०१४ मध्ये गेला. मी इतकी वर्षं ज्याच्या नावाने ओरडत होते, तो कुठल्यातरी डब्यात बंद पडून होता. पाचव्या भागावरची माझी दोन पानी तक्रार मात्र मी मागे घेतलेली नाही. सर्वांत जाडजूड पुस्तक आणि सिनेमा १३८ मिनिटांचा! भात शिजायच्या आत पंगत उठवली.

७. चूक दिसते म्हणून रडू थांबत नाही. हॅरीचे डोळे आईसारखे हिरवे, यावर सातही पुस्तकं भर देतात. डॅनियल रॅडक्लिफचे डोळे निळे. हिरव्या लेन्स लावून पाहिल्या होत्या, पण त्याच्या डोळ्यांना त्या सोसल्या नाहीत. चला, ते सोडलं. मुद्दा रंगाचा नाही, मायलेकांच्या साम्याचा आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. शेवटच्या भागात स्नेप सरांच्या आठवणी उलगडतात आणि हॅरीची आई लिली लहानपणीची दिसते. तिचे डोळे तपकिरी. म्हणजे निळ्यालाही जागले नाहीत! मी मनात ओरडले, आणि त्याच वेळी माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं, कारण पडद्यावर स्नेप झालेला ॲलन रिकमन होता. शेजारी बसलेली कराडची पाटील (आता तिचं आडनाव बदललंय, पण आम्ही बदललेलं नाही) रुमाल पुढे करत म्हणाली, “डोळे बघितलेस?” मी मान हलवली. मग आम्ही दोघी व्यवस्थित रडलो.

८. आपण ज्याच्यासाठी भांडत असतो, ते आपल्याकडे उरलंय का, हे तपासायचंच राहून जातं. ‘विझर्ड ऑफ ऑझ’मधल्या डोरोथीचे जादूचे बूट १९०० सालच्या पुस्तकात चंदेरी आहेत. १९३९ च्या सिनेमावाल्यांना टेक्निकलर दाखवायचं होतं, म्हणून ते लाल माणकांचे झाले. आज ज्याला विचाराल तो लालच सांगेल. मी हे किस्से जेवताना लेकीला ऐकवत होते, जरा तोऱ्यातच, तर तिने विचारलं, “मग सिनेमाच्या आधी तुझा स्नेप कसा दिसायचा?”

मला पक्कं माहीत होतं की तो आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांसारखा दिसायचा. तेलकट केस, खडूने माखलेली बाही, वर्गात शिरण्याआधी क्षणभर दारात थांबायची सवय. हे सगळं मी तिला सांगितलं. पण चेहरा? सरांचा चेहरा डोळ्यांसमोर आणायला गेले तर तिथे रिकमन. गेल्या वर्षी सांगलीत एका लग्नात सर भेटले होते. गोल चेहऱ्याचे, हसरे, टक्कल पडलेले. मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. ते माझ्या आठवणीतल्या सरांसारखे मुळीच दिसत नव्हते.

लेकीची गोष्ट उलटी आहे. तिने आधी सिनेमे पाहिले, मग पुस्तकं घेतली. सातवं संपवून आली तेव्हा नाराज होती. सिनेमात खलनायक व्होल्डेमॉर्टच्या अंगाच्या कपच्या सुटून हवेत उडून जातात. पुस्तकात तो नुसता खाली पडतो, कुठल्याही मेलेल्या माणसासारखा. “हे काय? पुस्तकात चुकलंय!” मी तिला समजावलं की गंमत तिथेच आहे, एवढा अमर व्हायला निघालेला माणूस आणि शेवटी नुसतं एक प्रेत. तिने ऐकून घेतलं. हॅरी आपली मोडलेली जुनी कांडी सांधून घेतो, हे मात्र तिला पुस्तकातलंच आवडलं. सिनेमात तो ते करायचं विसरला, म्हणाली.

आता एचबीओ सगळं पहिल्यापासून नव्याने मालिका म्हणून करतंय. २०२५ मध्ये चित्रीकरण सुरू झालं तेव्हा नव्या हॅरीचा, चष्मा घातलेला, फोटो आला. माझ्या मोबाईलवर तो बघून लेक सोफ्यावर उभी राहिली.

“हा हॅरी नाही! हॅरी असा नव्हता!”

“कुठे नव्हता?”

“सिनेमात!”

तिच्यामागे आजोबा बातम्या बघायला मान वाकडी करत होते.

“ताई, बसा,” मी म्हटलं. “बाबांना दिसत नाहीये.”