विहिरीच्या खोदकामातून खडकाची ओळख

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्यात नवी विहीर खोदली जाऊ लागली, की काठावर निघालेल्या मालाचे निरनिराळे ढीग पडतात. प्रथम काळी माती, तिच्याखालचा पिवळसर मुरूम, मग भेगाळलेला फुटका दगड आणि पुढे सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. आणखी किती खोल जावे व कोठे थांबावे, या निर्णयावर शेतकऱ्याची अनेक वर्षांची पुंजी अवलंबून असते. पाणाड्याच्या तळहातावरील नारळापेक्षा काठावरचे हे ढीग अधिक भरवशाचे आहेत. मात्र ते वाचता आले पाहिजेत.

खनिज आणि खडक यांत भेद आहे. ठराविक रासायनिक घटना असलेला नैसर्गिक पदार्थ म्हणजे खनिज, तर एक वा अनेक खनिजे एकत्र येऊन बनतो तो खडक. उत्पत्तीनुसार खडकांचे अग्निजन्य, गाळाचे व रूपांतरित असे तीन वर्ग पडतात. कळमनुरीच्या उत्तरेकडून वाहणारी पैनगंगा पुढे वणी-चंद्रपूरच्या बाजूस जाते, त्या परिसरात गाळाचा चुनखडक सापडतो आणि सिमेंटच्या कारखान्यांना तो उपयोगी पडतो. उष्णता व दाब यांमुळे याच चुनखडकाचे रूपांतर झाले, की संगमरवर तयार होतो.

कळमनुरीचा दगड मात्र अग्निजन्य बेसाल्ट होय. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि दख्खनचे पठार बनले. लाव्हा उघड्यावर लवकर थिजल्याने त्यातील खनिजांना वाढण्यास अवसर मिळाला नाही. म्हणून बेसाल्टचे कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे आढळणारा ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात सावकाश थंड झाला. त्यातील गुलाबी, पांढरे व काळे कण सहज वेगळे ओळखता येतात. दोन्ही अग्निजन्यच, पण एकदा शेजारी ठेवून पाहिले, की पुन्हा गफलत होत नाही.

दगड ओळखताना वरच्या रंगावर विसंबू नये. ऊनपावसाने बेसाल्टवर तांबूस साल चढते; तेव्हा हातोडीने तो फोडून ताजा भाग पाहावा. काठिण्यासाठी जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस याने 1 ते 10 अशी श्रेणी लावून दिली आहे. तीत नखाचे काठिण्य अडीचच्या आसपास, चाकूच्या पात्याचे साडेपाचच्या आसपास आणि गारगोटीचे 7 आहे. काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे खडे सापडतात, त्यांची पारख यावरून होते. खडा काचेवर ओरखडा काढतो आणि चाकूला दाद देत नाही, तर ती गारगोटी. चाकूने ओरखडतो आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच फसफसतो, तर ते चुन्याचे खनिज कॅल्साइट. चाकूने ओरखडतो पण फसफसत नाही, तर तो बहुधा झिओलाइट असतो. आम्ल हाताळताना हात व डोळे जपावेत.

लाव्ह्याच्या प्रत्येक थराचा मधला भाग सामान्यतः घट्ट असतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात. या पोकळीदार दगडास मांजऱ्या म्हणतात. मांजऱ्या लागला म्हणजे पाणी लागलेच, ही समजूत अर्धवट खरी आहे. पोकळ्या एकमेकींपासून अलग असतील किंवा पांढऱ्या खनिजांनी बुजलेल्या असतील, तर त्यातून पाणी वाहत नाही. तोच मांजऱ्या कुजून ठिसूळ झाला असेल, तर तो पाणी धरतो व सोडतोही. घट्ट काळ्या पाषाणातही एकमेकींना मिळणाऱ्या भेगा असल्या, तर झरा लागू शकतो. अभंग पाषाण मात्र कोरडाच. सुरुंगाने फुटलेल्या तुकड्याच्या एखाद्या बाजूवर तांबूस डाग वा मातीचा लेप दिसला, तर ती जुनी भेग असून तिच्यातून कधीतरी पाणी फिरले आहे, असे समजण्यास आधार मिळतो.

दोन थरांच्या मध्ये कधी तांबड्या, गेरूसारख्या मातकट खडकाचा पट्टा लागतो. चिकणमातीचे प्रमाण अधिक असल्याने तो पाणी सहजी खाली जाऊ देत नाही. शिवाय ओला झाला, की ढासळतो. तेवढ्या भागास बांधकामाचा आधार द्यावा लागतो.

पुढे खोदावे की आडवे बोअर घ्यावे, याचा सल्ला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाकडून घेणे इष्ट. त्यासाठी दर मीटरला निघालेल्या दगडाचा मूठभर नमुना वेगळ्या पिशवीत ठेवावा, खोली लिहिलेली चिठ्ठी आत टाकावी आणि ओल प्रथम कोठे दिसली तेही टिपून ठेवावे. नमुना तपासण्यापूर्वी तो धुऊन घ्यावा. ओल्या दगडाचा रंग व कण अधिक स्पष्ट दिसतात.