शायर अश्वांच्या सान्निध्यात

प्रश्न : आम्ही उभयता इंग्लंडात मुलीकडे आलो आहोत. पाच वर्षांच्या नातवाला शायर घोड्यांचे शेत दाखवावे काय?

उत्तर : अवश्य दाखवावे. खांद्यापाशी साडेपाच फूट उंच, वजनाने टनाच्या घरात जाणारा आणि ट्रॅक्टर येण्यापूर्वी इंग्लंडची नांगरट व मालवाहतूक ज्याने पेलली, तो हा शांत स्वभावाचा अश्व आज दुर्मीळ झाला असल्यामुळे, आपण भरलेले प्रवेशशुल्क त्याच्या संगोपनास हातभार लावते, हे मला विशेष मोलाचे वाटते. खबरदारी मात्र हवी : मागून जाऊ नये, रखवालदाराच्या परवानगीवाचून काही खाऊ घालू नये, आणि नातवाचा हात धरून, घोड्याला आधी हाक देऊन, खांद्याच्या बाजूनेच जवळ जावे. साज चढविण्याच्या वेळी पोहोचलात, तर खुरांवर रुळणारे केसांचे झुबके मुलाला निवांतपणे न्याहाळता येतील.