परीक्षेचे भय आणि रुग्णाचे ध्यान

आपल्या माळकरी घरांतल्या पुष्कळ लेकी, आणि काही मुलगेही, सांप्रत परिचारिकेचे शिक्षण घेत आहेत. त्यांचे एक गाऱ्हाणे आमच्या कानी वारंवार येते. "महाराज, लेखी परीक्षेचे काही वाटत नाही, पण प्रात्यक्षिकाला परीक्षक समोर उभे राहिले की हात कापतात, पाठ असलेलेही आठवत नाही." त्याचा विचार या पाठात करू.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, कापरे सुटणे म्हणजे अज्ञान नव्हे. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या अंगाला कंप सुटला, तोंडाला कोरड पडली, गांडीव हातातून गळू लागले. म्हणून त्याची धनुर्विद्या काही नाहीशी झाली नव्हती. वैद्यकही सांगते की, भयाच्या क्षणी शरीरात अ‍ॅड्रिनलिन वाढते. त्याने छाती धडधडते, हात थरथरतात. हा देहाचा धर्म आहे, त्याची लाज कसली?

मग भय वाढते कशाने? चित्त भलतीकडे गेल्याने. रुग्ण खाटेवर, आणि चित्त परीक्षकाच्या लेखणीवर! कीर्तनकारही श्रोत्यांत कोण कोण बसले आहे हे पाहू लागला की चरण विसरतो. विठ्ठलाकडे पाहून उभा राहिला की चरण आपोआप येतात. मुलींनो, तुमचा विठ्ठल त्या वेळी खाटेवर निजला आहे. त्याच्याकडे पाहा. यासाठी उपाय तीन.

१. अभ्यास. चंचल मनाला भगवंतांनी अभ्यास आणि वैराग्य हेच उपाय सांगितले. नुसते वाचणे म्हणजे अभ्यास नव्हे. पावली पुस्तकातून येत नाही, पायांनीच शिकावी लागते. साबणपाण्याने ४० ते ६० सेकंद हात धुण्याचा क्रम रोज करावा. घरच्यांची नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. मोठ्या माणसाची विश्रांतीत साधारण ६० ते १०० असते. श्वास मोजताना त्याला कळू देऊ नये, कळले की त्याची चाल बदलते. बोटे नाडीवरच ठेवून मोजावा. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ ही पाच बोटांवर पक्की करावीत. मैत्रिणीला परीक्षक करून, घड्याळ लावून सराव करावा.

२. श्वास. दाराबाहेर थांबले असता श्वास सावकाश घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा; सोडताना मनात नाम घ्यावे. आदल्या रात्री पुरी झोप घ्यावी. एकादशीचा जागर वेगळा आणि परीक्षेचे जागरण वेगळे! त्याच दिवशी एकादशी आली तर फराळ करून जावे, रिकाम्या पोटी जाऊ नये.

३. उच्चार. रुग्णाला नाव विचारावे, काय करणार ते सांगावे, त्याची संमती घ्यावी. हा नियमच आहे. शिवाय आपल्याच वाणीने मन ठिकाणावर येते. निर्जंतुक हातमोजा चुकून खाटेला लागला, तर सोवळे मोडले असे समजावे. हे सोवळे जातीचे नव्हे, जंतूंचे. भयाने ते लपवू नये; "मोजा बदलते" असे स्पष्ट म्हणावे आणि बदलावा. परीक्षकाच्या नजरेतून सुटले तरी जखमेतून सुटत नाही. लपवण्याची सवय परीक्षेत लागली, तर ती पुढे वॉर्डात कुणाच्या तरी जिवावर बेतेल.

राहिले वैराग्य. ते कर्माचे नव्हे, गुणांचे. निकालाची चिंता वहाणांबरोबर दाराबाहेर ठेवावी. पेपर गेला तरी पुन्हा बसता येते; जन्म वाया जात नाही.

आईबापांनाही एक सांगणे. "पास होशील ना गं?" असे घडोघडी विचारू नका. त्यापेक्षा आपला हात पुढे करा आणि म्हणा, "बाळ, माझा रक्तदाब बघ." तिचा सराव होईल, आणि कौतुकही पोचेल. वारीच्या वाटेवर आपल्या पायांचे फोड बांधणारे हात अशाच अभ्यासातून तयार होतात.

रामकृष्ण हरी.