शिंगराला जंताचं औषध पाजण्याआधी

पुण्याच्या रेसकोर्सवर जुलैत पावसाळी शर्यती सुरू होतात, तेव्हा हडपसर-मांजरीकडच्या स्टड फार्मवर वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली शिंगरं चार-सहा महिन्यांची झालेली असतात. गोलकृमींचा जोर याच वयात. वरातीसाठी एक-दोन घोड्या पाळणाऱ्यांच्या तबेल्यातही तीच गत. पोट सुटलेलं, केस राठ, अधूनमधून खोकला असं शिंगरू दिसलं की मालक आयव्हरमेक्टिनची पेस्ट आणतो नि पाजून मोकळा होतो. घात होतो तो इथेच.

हे कृमी ३० सेंटिमीटरहूनही लांब वाढतात. पोटात ते भरपूर असताना आयव्हरमेक्टिन किंवा पायरँटेल दिलं, तर सगळे एकदम लुळे पडतात आणि लहान आतड्यात त्यांचा बोळा बसतो. बहुधा दिवसभरातच पोटशूळ उठतो. शिंगरू पोटाकडे वळून बघतं, पाय झाडतं, लोळतं, घामाघूम होतं. घोड्याला ओकारी होत नाही, त्यामुळे तुंबलेलं जठर फुटूही शकतं. अशा वेळी चारा-चंदी काढून घ्या, तेल-काढे घशात ओतू नका, लगेच पशुवैद्यकाला बोलवा. शस्त्रक्रिया करूनही पुष्कळ शिंगरं हाती लागत नाहीत.

म्हणून आधी ताजी लीद तपासा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा औंधच्या रोगनिदान प्रयोगशाळेत चौकशी करा. पहिला डोस शिंगरू दोन-तीन महिन्यांचं असताना, दुसरा दूध तोडायच्या सुमारास. औषध बहुधा फेनबेंडाझोल, कारण ते जंत सावकाश मारतं. वजन नजरेनं ठरवू नका, छातीचा घेर मोजून काढा. दोन आठवड्यांनी पुन्हा लीद तपासा. आयव्हरमेक्टिनला हे कृमी जगभर बऱ्याच ठिकाणी दाद देईनासे झाले आहेत. दर दोन महिन्यांनी औषधाचा रतीब घालण्याची जुनी पद्धत हे त्याचं मोठं कारण आहे. ती सोडलेलीच बरी.

कृमींची अंडी चिकट असतात. भिंतीला, गव्हाणीला, घोडीच्या कासेला चिकटून राहतात आणि तबेल्यात वर्षानुवर्षं टिकतात. फिनाईलनं ती मरत नाहीत. भिंती-गव्हाणी वाफेनं किंवा कढत पाण्यानं घासा, घोडीची कास कोमट पाण्यानं धुवा. पावसात शिंगरं दिवसभर आत बांधलेली असतात, तेव्हा लीद रोज उचला. ओली लीद लसूणघासाच्या वाफ्यात टाकू नका, खड्ड्यात नीट कुजू द्या.

सारंगखेड्याच्या बाजारातून नवं शिंगरू आणलं असेल, तर लिदीचा रिपोर्ट हाती येईपर्यंत ते बाकीच्यांपासून वेगळं बांधा.