बाजरीवरचा गोसावी

मुलांनो, बाजरीची भाकरी तुम्ही खाल्लीच असेल. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यात वैजापूर, गंगापूर, कन्नड या भागांत पावसाळा सुरू झाला की बाजरी पेरतात. कमी पावसात आणि हलक्या जमिनीतही ती येते. म्हणून लहान शेतकऱ्याला तिचा मोठा आधार असतो. पण या काटक पिकालाही एक शत्रू आहे. शेतकरी त्याला 'गोसावी' म्हणतात. पुस्तकांत या रोगाला 'केवडा' असेही नाव आढळते.

गोसावी म्हणजे जटा वाढवून भिक्षा मागत फिरणारा साधू. उर्दूत तुम्ही त्याला फकीर म्हणाल. रोगट झाडाच्या कणसात दाणे भरत नाहीत. दाण्यांच्या जागी हिरव्या, वेड्यावाकड्या पानांचा झुबका वाढतो. तो थेट जटांसारखा दिसतो. ज्याने हे नाव ठेवले, त्याची नजर मोठी चांगली असली पाहिजे!

हा रोग एका सूक्ष्म जीवामुळे होतो. तो बुरशीसारखा दिसतो, पण खरी बुरशी नव्हे. पूर्वीचे शास्त्रज्ञ त्याला बुरशीतच गणत. आता त्याचे नाते समुद्रातील तपकिरी शेवाळाशी जवळचे मानतात. पाण्याची ओढ त्याला अजूनही आहे.

ऑगस्टमधील एक पहाट डोळ्यांसमोर आणा. तीन-चार दिवसांपासून झड लागली आहे. ऊन नाही. पानांवर पाण्याचे थेंब आहेत. अशा वेळी पिवळसर पडलेले बाजरीचे एखादे पान उलटून पाहा. खालच्या बाजूला पांढरी लव दिसेल. ही लव म्हणजे असंख्य बीजाणू. ते दिवसा तयार होत नाहीत. रात्री हवेतील आर्द्रता ९५ टक्क्यांच्या आसपास किंवा अधिक असावी आणि तापमान २० ते २५ अंश सेल्सिअस असावे, म्हणजे काही तासांतच ते तयार होतात आणि वाऱ्याबरोबर सुटतात. ओल्या पानावर पडताच बीजाणू फुटतो. त्यातून आणखी बारीक जीव बाहेर पडतात. त्यांना दोन शेपट्या असतात आणि पानावरच्या पाण्यात ते चक्क पोहतात! कोवळे रोप सापडले की ते आत शिरतात. मात्र ऊन पडले आणि पान वाळले, की हे नाजूक बीजाणू मरतात.

आता शेजारच्या दोन शेतांचा विचार करा. एका शेतकऱ्याने जूनमध्ये पेरले. दुसऱ्याला बैल मिळाले नाहीत, म्हणून त्याची पेरणी जुलैच्या अखेरीस झाली. पहिल्या शेतात रोग आला, तर रात्रीच्या वाऱ्याने तो बांध ओलांडतो. पहिल्याचे पीक तोवर मोठे झालेले असते, पण दुसऱ्याची रोपे अजून कोवळी असतात. त्यामुळे उशिरा पेरणाऱ्याचे नुकसान अधिक होते, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो.

मग रोगट झाडे दिसताच उपटून का टाकू नयेत? टाकावीतच. नाहीतर या जीवाचे दुसऱ्या प्रकारचे, जाड कवचाचे बीजाणू जमिनीत पडतात. ते वर्षानुवर्षे जिवंत राहतात. पेरणीपूर्वी बियाण्याला औषध चोळल्यानेही रोपांचे बरेच रक्षण होते.

तंबाखूवर येणारा 'निळा केवडा' हा याच रोगाचा भाऊबंद. १९५८ मध्ये तो इंग्लंडमध्ये दिसला आणि चार-पाच वर्षांत युरोपभर पसरला. त्याचे बीजाणू ढगाळ हवेत फार दूर जातात, कारण ढगांमुळे कडक ऊन त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. पुढे अमेरिकेत वाऱ्याची दिशा पाहून तंबाखूच्या शेतकऱ्यांना आधीच सूचना देऊ लागले.

आपल्या देशाला या गोसाव्याचा मोठा तडाखा १९७१ मध्ये बसला. १९६५ पासून बाजरीचे नवे संकरित वाण आले होते. उत्पन्न खूप वाढले. १९७०-७१ मध्ये देशात सुमारे ८० लाख टन बाजरी पिकली. पण या सर्व वाणांची 'आई' एकच होती. ती अमेरिकेतील टिफ्टन या गावाहून आणलेली होती. तिच्यात या रोगाशी लढण्याची शक्ती नव्हती. गावोगाव एकाच आईची लेकरे उभी होती. हवामान अनुकूल मिळताच 'एचबी ३' या वाणावर साथ पसरली आणि पीक हातचे गेले.

त्यानंतर शास्त्रज्ञ सावध झाले. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे 'इक्रिसॅट' ही संस्था १९७२ मध्ये स्थापन झाली. तेथे बाजरीची परीक्षा मोठ्या गमतीने घेतात. आधी रोगाला लवकर बळी पडणाऱ्या बाजरीच्या ओळी पेरतात. त्यांच्यावर रोग वाढला, की मधल्या जागेत नवे वाण पेरतात. कारंज्यासारखे पाणी उडवून हवा दमट ठेवतात, म्हणजे मुद्दाम वाईट हवामान तयार करतात. बाकीचे काम रात्रीचा वारा करतो. एवढे होऊनही ज्या ओळी हिरव्यागार राहतात, त्यांचेच बी पुढे निवडले जाते.

स्वाध्याय

बाजरीच्या रोगाला 'गोसावी' हे नाव का पडले?
उशिरा पेरलेल्या बाजरीचे नुकसान अधिक का होते, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
'झड', 'लव', 'बांध' या शब्दांना उर्दूत काय म्हणतात, ते घरी विचारा.